सुंभाचा पीळ



‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण तुम्ही मराठीच्या तासाला शिकला असाल. वैभव गेले तरी ताठा न सोडणाऱ्या माणसाला ती लावतात. पण ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने सुंभ जळताना नीट निरखून पाहिला असला पाहिजे. काथ्याच्या दोरीचा बोटभर तुकडा मोठ्या माणसांच्या देखत ताटलीत जाळून पाहा. धाग्यांतील पाणी व वायू निघून जातात. मागे उरलेला कोळसा आणि क्षार मात्र जागच्या जागी राहतात. त्यामुळे राखेवरही पीळ स्पष्ट दिसतो. फुंकर घातली की सारे संपते!

हा पीळ घालणारे कारागीर कोकणात, गोव्यात आणि केरळात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी. त्यांच्या कामात केवढे विज्ञान आहे ते आज पाहू.

सोडणातून काथ्या

नारळाच्या फळाला तीन आवरणे असतात. वरची गुळगुळीत साल, मधले जाड तंतुमय आवरण आणि आतली टणक करवंटी. मधल्या आवरणाला कोकणात सोडण म्हणतात. माड किनाऱ्यावर वाढतो. त्याचे फळ पाण्यात पडले तर लाटांवर तरंगत दूर जाऊन रुजू शकते. सोडण ही जणू त्या बीची होडीच! खाऱ्या पाण्यात लवकर न कुजणे हा गुण काथ्याला या होडीकडूनच मिळाला आहे.

काथ्याचा एक धागा साधारण १५ ते २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर लांब असतो. त्यात सेल्युलोज असतेच, पण सुमारे ४० टक्के लिग्निनही असते. लाकडाला कठीणपणा देणारा पदार्थ तो हाच. कापसात तो जवळजवळ नसतो.

सोडणातील धागे पेक्टिनसारख्या पदार्थांनी एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करण्यासाठी सोडणे खाडीच्या मचूळ पाण्यात सहा ते दहा महिने बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे. पाण्यातील जीवाणू पेक्टिन खाऊन टाकतात. लिग्निन मात्र त्यांना सहज पचत नाही, म्हणून धागा शाबूत राहतो. मग सोडण लाकडी दांडक्याने बडवले की धागे मोकळे होतात.

या रीतीची किंमतही मोजावी लागते. कुजताना पाण्यातील ऑक्सिजन संपतो, हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो आणि सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी पसरते. त्या भागातील मासे व शिंपले मरतात आणि बडवणाऱ्या स्त्रियांना दिवसभर त्याच घाणीत काम करावे लागते. आता यंत्राने सोडण फोडून धागे काढता येतात. त्याने कष्ट व प्रदूषण कमी होते. मात्र कुजवलेल्या काथ्याचा मऊपणा आणि उजळ रंग त्या धाग्याला येत नाही.

वीतभर धाग्याची लांब दोरी

वीतभर धाग्यांपासून शंभर हात दोरी कशी होते? गाठ नाही, डिंक नाही. सारे काम घर्षण करते. पीळ दिला की धागे एकमेकांभोवती गुंडाळले जातात. दोरी ओढली की ते एकमेकांवर अधिकच दाबले जातात, घर्षण वाढते आणि धागे निसटत नाहीत. जितके ओढावे तितकी पकड घट्ट!

पण एका पेडाला नुसता पीळ दिला तर हात सोडताच तो उलगडेल. म्हणून कारागीर दोन पेड एकाच दिशेने पिळतो आणि ते एकमेकांवर उलट दिशेने वळतो. प्रत्येक पेड उलगडू पाहतो, पण त्या उलगडण्यानेच दोघांची मिठी घट्ट होते. दोन्ही पीळ एकमेकांना तोलून धरतात.

पीळ कमी पडला तर धागे निसटतात. फार झाला तर धागे आडवे होतात, दोरीला गुंते पडतात आणि ती दुबळी होते. नेमका किती पीळ हवा, हे कारागिराच्या तळहाताला कळते.

शिवलेली जहाजे

काथ्याचा धागा फार बळकट नाही, पण तो तुटण्यापूर्वी बराच ताणला जातो. लाटेचा हिसका बसला तर तो सोसतो. म्हणूनच अरबी समुद्रावर खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून जहाजे बांधीत. मार्को पोलोने तेराव्या शतकात अशी जहाजे होर्मुझला पाहिली. १९८०–८१ मध्ये ‘सोहार’ हे असे शिवलेले जहाज मस्कतहून चीनपर्यंत गेले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावरून गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाले. ते शिवण्यासाठी केरळचे कारागीर आले होते. ती विद्या त्यांच्या हातांत जिवंत राहिली होती, म्हणूनच हे शक्य झाले.

नायलॉन आल्यावर

नायलॉनची दोरी अधिक बळकट असते आणि कुजत नाही. त्यामुळे होडीवरून, विहिरीवरून सुंभ हळूहळू हटला आणि तो वळणाऱ्यांची मिळकत घटली. पण न कुजण्याचा गुणच पुढे दोष ठरला. समुद्रात हरवलेली नायलॉनची जाळी वर्षानुवर्षे मासे व कासवे अडकवीत राहतात. काथ्या सावकाश का होईना, मातीत मिसळतो. म्हणून आज उतारावरची माती वाहून जाऊ नये यासाठी काथ्याच्या जाळ्या अंथरतात. गवत मुळे धरीपर्यंत जाळी टिकते आणि मग तिचेच खत होते. पूर्वी टाकून दिला जाणारा सोडणाचा भुसाही आता पाणी धरून ठेवतो म्हणून रोपवाटिकांत वापरतात.

करून पाहा

१. कापसाचा सैल पेळू दोन्ही टोकांना धरून ओढा. आता तसाच दुसरा पेळू चांगला पिळून ओढा. काय फरक पडला?

२. हातभर सुताला भरपूर पीळ द्या, मध्यावर दुमडा आणि दोन्ही टोके एकत्र आणा. सूत आपोआप कोणत्या दिशेने वळते?

३. गावात कुणी सुंभ वळणारे असतील तर त्यांच्याजवळ तासभर बसा. पीळ पुरेसा झाला हे कशावरून ओळखता, असे त्यांना विचारा. त्यांचे उत्तर वहीत लिहून ठेवा आणि वर्गात वाचून दाखवा.