प्रश्नात दडलेला हुकूम

समजा तुमच्या शाळेने वार्षिक परीक्षेचे गुण संगणकावर ठेवले आहेत. ब्राउझर उघडायचा, चौकटीत हजेरी क्रमांक लिहायचा, की गुण समोर येतात. सोय मोठी आहे. पण निष्काळजीपणा झाला, तर त्या लहानशा चौकटीतून साऱ्या शाळेचे गुण बाहेर पडू शकतात. ते कसे, ते पाहू.

तक्त्यांच्या रूपात माहिती साठवण्याची कल्पना एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडली. अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा चेंबरलिन व बॉइस यांनी 1974 मध्ये सुचवली. तिच्यातूनच आजची एस.क्यू.एल. भाषा आली.

ब्राउझर स्वतः गुणांचा तक्ता उघडत नाही. तुम्ही लिहिलेला मजकूर तो सर्व्हरकडे, म्हणजे माहिती पुरवणाऱ्या दूरच्या संगणकाकडे पाठवतो. तेथील प्रोग्राम त्यापासून आज्ञा बनवून ती डेटाबेसला देतो. ती मराठीत लिहिली, तर अशी दिसेल:

गुण दाखव, जेथे क्रमांक = 17

आता कोणी चौकटीत नुसते 17 न लिहिता ‘17 किंवा 1 = 1’ असे लिहिले, आणि प्रोग्रामने ते जसेच्या तसे आज्ञेला चिकटवले, तर काय होईल?

गुण दाखव, जेथे क्रमांक = 17 किंवा 1 = 1

‘किंवा’ने जोडलेल्या दोन विधानांपैकी एक जरी खरे असले, तरी जोडविधान खरे ठरते. 1 = 1 हे प्रत्येक ओळीसाठी खरेच आहे! म्हणून डेटाबेस सगळ्यांचे गुण दाखवतो. यंत्र बिघडलेले नाही; त्याने आज्ञा तंतोतंत पाळली. चूक एवढीच, की पाहुण्याने दिलेली माहिती आज्ञेचा भाग बनली.

हा धोका काल्पनिक नाही. 2015 मध्ये ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या सुमारे 1,57,000 ग्राहकांची माहिती याच प्रकारच्या हल्ल्यात चोरीस गेली. 2016 मध्ये कंपनीला 4 लाख पौंड दंड झाला.

यावर उपाय कोणते?

पहिला व मुख्य उपाय म्हणजे आज्ञा आणि माहिती वेगळी ठेवणे. ‘गुण दाखव, जेथे क्रमांक = ?’ ही आज्ञा डेटाबेसला आधी द्यायची. प्रश्नचिन्हाच्या जागी बसणारे मूल्य नंतर वेगळे द्यायचे. मग ‘17 किंवा 1 = 1’ हा सारा मजकूर एकच मूल्य मानला जातो. असा क्रमांक कोणाचाच नसल्यामुळे कोणाचेही गुण दिसत नाहीत.

दुसरा उपाय: गुण दाखवणाऱ्या प्रोग्रामला फक्त वाचण्याची परवानगी द्यावी, बदलण्याची किंवा पुसण्याची देऊ नये.

तिसरा: तपासणी सर्व्हरवर करावी. ब्राउझर पाहणाऱ्याच्या हातात असतो. तेथील तपासणी त्याला सहज टाळता येते.

आता दोन प्रश्न तुमच्यासाठी. पाच ओळींचा तक्ता कागदावर काढा व स्वतः डेटाबेस बना. माहिती आज्ञेला चिकटवली आणि चौकटीत ‘17 आणि 1 = 2’ असे लिहिले, तर किती ओळी दिसतील? आणि तिन्ही उपाय करूनही 17 क्रमांकाच्या मुलाने सरळ 18 लिहिले, तर? ही फट कशी बुजवाल, याचा वर्गात विचार करा.