जमीन हिची, पेन्शन माझी, वसुली घराची

पीएम किसानचे चौदा हजार रुपये आम्ही परत भरले. नियमात बसत नव्हतो, पैसे गेले, त्याबद्दल तक्रार नाही. राग आहे तो ज्याने अर्ज भरला त्याचा.

केडगावातल्या सेवा केंद्रात मी स्वतः बायकोसोबत गेलो होतो. सातबारा हिच्या एकटीच्या नावावर, माहेरून आलेला. "मी पंचायत समितीतून लिपिक म्हणून रिटायर झालोय, पेन्शन चालू आहे," असं मी स्पष्ट सांगितलं. केंद्रातल्या पोरानं मानही वर केली नाही. "काका, शेतकरी काकू आहेत. तुमचा संबंधच काय?" खटाखट बटणं दाबली, पैसे घेतले, पुढचा नंबर.

हप्ते आले आणि मागून तहसीलची नोटीस आली. हिच्या नावापुढे कारण: पती निवृत्तिवेतनधारक. तेव्हा कळलं, या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. त्यातल्या एकालाही महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन असली की घर बाद. नोटीस घेऊन गेलो तर तोच पोरगा म्हणतो, "घोषणापत्रावर सही काकूंची आहे ना?" घ्या! विचारायचं त्यानं नाही, निस्तरायचं आम्ही.

म्हणून सांगतो. अर्जाआधी नवरा-बायको दोघांची पेन्शन बघा. वर्ग ४ मधून निवृत्त झालेल्यांना ही अट नाही. शिपायाला पेन्शन दहा हजारांवर असली तरी चालते, लिपिकाला नाही. एमआयडीसीतून निवृत्त झालेल्यांची ईपीएफची पेन्शन बहुधा दहा हजारांच्या आतच असते, ते अडत नाहीत. पण मागच्या वर्षी आयकर भरला असेल तर तेही बाद. सज्ञान मुलाचं कुटुंब वेगळं धरतात, बापाची पेन्शन त्याला आड येत नाही. मात्र जमीन १ फेब्रुवारी २०१९ आधी त्याच्या नावावर हवी. वारसाहक्कानं आली असेल तर गोष्ट वेगळी.

आधीच हप्ते घेत असाल तर नोटिशीची वाट बघू नका. पोर्टलवर लाभ सोडण्याची आणि पैसे परत करण्याची सोय आहे. भरल्याची पावती जपून ठेवा, झेरॉक्स काढा. कागद वाचल्याशिवाय सही करू नका, हे तर सगळेच सांगतात.

आणि केंद्रवाला "काही होत नाही काका" म्हणाला, तर त्याला ते कागदावर लिहून मागा. बघा कसा गप्प बसतो.