घरगुती ब्युटी पार्लर बंद करताना

प्रश्न : नाशिकमध्ये सिडकोत राहत्या घरी चालवलेले पार्लर बंद करायचे आहे. काय काय करावे लागते?

उत्तर : आधी गिऱ्हाइकांचा हिशेब येतो. फेशियलच्या पॅकेजचे आगाऊ पैसे घेतले असतील, तर उरलेल्या बैठका पूर्ण करून द्याव्यात किंवा पैसे परत करावेत. नववधूच्या मेकअपचे बुकिंग हा त्यातला नाजूक भाग. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की चांगली ब्युटीशियन ऐनवेळी मिळत नाही. म्हणून नकार लवकर कळवावा, जमल्यास दुसरीचे नाव सुचवावे.

नोंदणी आपोआप संपत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार व्यवसाय बंद झाल्याचे ३० दिवसांत कळवायचे असते. उद्यम नोंदणी आणि व्यवसाय कराचा क्रमांक असल्यास तेही रद्द करून घ्यावेत. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्यास जीएसटी नोंदणी सहसा नसतेच. असेल तर ती रद्द झाल्यावर अंतिम विवरणपत्र भरावे लागते, आणि नेमके तेच राहून जाते. मुद्रा कर्जाचे हप्ते मात्र पार्लर थांबले तरी चालूच राहतात.

खुर्ची, स्टीमर, वॅक्स हीटर यांना नवशिक्या मुलींकडून मागणी असते. उघडलेले क्रीमचे डबे विकू नयेत. वापरलेली ब्लेड जाड कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळी द्यावीत. पेमेंटचा साउंडबॉक्स परत करावा, नाहीतर त्याचे मासिक भाडे खात्यातून कापले जात राहते.