सतधारेची वाट

भोपाळच्या अयोध्या नगरातून निघालेला प्रवासी अयोध्या बायपासने भानपूरजवळ विदिशा मार्गास लागतो. कर्कवृत्ताची खूण ओलांडल्यावर पुढे काही अंतरावर डाव्या हातास सतधारेचा फाटा लागतो. बहुसंख्य यात्रेकरू मात्र सरळ सांचीस जातात. सांचीच्या पश्चिमेस अवघ्या दहा किलोमीटरांवर, हलाली नदीच्या काठी असलेले हे बौद्ध स्तूपांचे स्थान त्यामुळे उपेक्षित राहिले आहे.

या स्थानाचे महत्त्व लहान नाही. इ. स. १८५१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम व मेसी यांनी येथील एका स्तूपात दोन अस्थिकरंडक शोधून काढले. त्यांवर ब्राह्मी लिपीत सारिपुत्त व महामोग्गलान या बुद्धांच्या दोन पट्टशिष्यांची नावे कोरलेली होती. येथील मुख्य स्तूपाचा व्यास सुमारे १०० फूट असून त्याचा गाभा मौर्यकालीन विटांचा आहे. १९९० नंतरच्या दशकात युनेस्को व जपान यांच्या साह्याने त्याचे जतनकार्य करण्यात आले.

सांचीप्रमाणे सोयी मिळतील, अशी अपेक्षा धरून मात्र येथे जाऊ नये. विदिशेच्या बसने येणाऱ्यास फाट्यावर उतरून पुढील काही किलोमीटर पायीच जावे लागते. म्हणून पिण्याचे पाणी, शिदोरी व प्रथमोपचाराचे साहित्य बरोबर असावे. सकाळी लवकर निघावे व परतीच्या वाहनाची निश्चिती आधीच करावी. पावसाळ्यात माळव्याची काळी माती पाय धरून ठेवते व नदीचे पाणी वाढते. यास्तव कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. मुले असल्यास शिक्षकांनी त्यांना नदीकाठच्या कड्यापासून दूर ठेवावे. वाट चुकल्यास जवळच्या गावात विचारावे. तेथील वृद्धांइतका जाणता वाटाड्या दुसरा नाही.

सोयी नाहीत म्हणजे नियमही नाहीत, असा समज मात्र घातक आहे. स्तूपावर चढल्याने सुटे दगड ढासळतात, सांधे उघडे पडतात व त्यांतून पाणी आत मुरते. सांचीचा महास्तूप १८२२ साली अशास्त्रीय रीतीने खणण्यात आला आणि त्याची मोठी हानी झाली. तेथील अशोकस्तंभ तर एका स्थानिक जमीनदाराने उसाच्या चरकासाठी फोडला, असे सर जॉन मार्शल यांनी नमूद केले आहे. दोन हजार वर्षे उभा राहिलेला स्तंभ एका हंगामाच्या गरजेपायी गेला!

१९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात २०१० साली सुधारणा झाली. संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे. ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखविणे अधिकाऱ्यांस सहज शक्य आहे.

तथापि आडवळणाच्या स्थळी कायद्याचा डोळा सदैव पोहोचत नाही. तेथे गुराख्याची नजर, शाळेतील मुलांची जाण आणि पाहुण्याचा संयम हेच खरे पहारेकरी होत. आपल्या गावाच्या शिवारातही एखादे जुने लेणे, वीरगळ वा पडके देऊळ असेल. शिक्षकांनी पुढील सहलीचा आरंभ तेथूनच करावा. जाताना पाणी न्यावे, येताना केवळ आठवण आणावी. एखादी वीटसुद्धा नव्हे.