नव्या वर्षाची उद्दिष्टे किती ठेवू?

प्रश्न : ताम्हिणीच्या बाजूच्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी पहिली-दुसरी शिकवते. नव्या शैक्षणिक वर्षासाठी बारा उद्दिष्टे लिहिली आहेत. निम्मी ऑनलाइन कोर्सची. प्रमाणपत्रे कमी पडली तर मी मागे पडेन का?
– एक शिक्षिका, ता. मुळशी

उत्तर : नाही बाई, निर्धास्त राहा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास अपेक्षित आहेत, पण ते तास म्हणजे प्रमाणपत्रांची फाइल नव्हे. ‘दीक्षा’वरचा एखादाच कोर्स करा, तोही तुमच्या वर्गातल्या अडचणीशी जोडलेला.

मुख्य उद्दिष्ट एकच ठेवा आणि ते मुलांच्या बाजूने लिहा. ‘वाचन सुधारणे’ हे फार मोघम झाले. ‘जोडाक्षरांपाशी अडखळणारी दुसरीची मुले दिवाळीपर्यंत चार ओळींचा अनोळखी उतारा वाचतील’ असे लिहा. जूनमध्येच एकेकाला जवळ बसवून वाचायला लावा. ‘पुस्तक’चे ‘पुसतक’ झाले, तर तसेच वहीत टिपा. तेवढा वेळ पहिलीला मणी मोजायला द्या. दर पंधरवड्याला उतारा बदला. जुलै-ऑगस्टच्या पावसात तुमच्याकडे हजेरी घटते, तेव्हा वेग मंदावला तरी खचू नका. अडलात तर केंद्राच्या शिक्षण परिषदेत तीच वही उघडा. शेजारच्या शाळेतल्या बाईंनीही हेच झेललेले असते.

एक मात्र सांभाळा. १२ वर्षांनंतरची वरिष्ठ आणि २४ वर्षांनंतरची निवड श्रेणी यांचे प्रशिक्षण सक्तीचे असते. तुमची सेवा तेवढी होत आली असेल, तर सूचना निघताच नोंदणी करा.