पहिली चूक पुतळ्यावर

आपल्या मुळशी तालुक्यात लवळे येथे सिंबायोसिसचे मुलींसाठीचे वैद्यकीय महाविद्यालय २०२० साली सुरू झाले. तेथील आरोग्य-कौशल्य केंद्रात मानवाकृती पुतळ्यांवर उपचारांचा सराव होतो. संगणकाशी जोडलेल्या अशा पुतळ्याची नाडी चालते, श्वास मंदावतो, रक्तदाब घसरतो. उपचार चुकला तर तो ‘दगावतो’ आणि धडा पुन्हा आरंभापासून गिरवता येतो. आभासी वास्तवाचा चष्मा चढवला की शस्त्रक्रियागृहच डोळ्यांपुढे उभे राहते.

या पद्धतीचे एक मूळ अगदी साधे आहे. नॉर्वेतील खेळणी बनवणारे आस्मुंड लार्डाल यांनी १९६० साली सी.पी.आर.च्या सरावासाठी बाहुली घडवली. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबणे आजही अशाच बाहुलीवर शिकवतात.

आम्हांला याचे मोल यंत्राच्या नवलाईत दिसत नाही. नवशिक्या हाताची पहिली सुई बहुधा सरकारी रुग्णालयातील गरिबाच्याच दंडात शिरत आली. ते ओझे त्याच्या देहावरून उतरवणे हीदेखील करुणाच होय. आनंदासह आजारी भिक्खूला स्वहस्ते आंघोळ घालणाऱ्या तथागतांचा धडा मात्र पुतळा देत नाही. तो रुग्णाच्या उशाशीच शिकावा लागतो.

२०१९च्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमाने कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक मानली. ती प्रत्येक सरकारी महाविद्यालयात खरोखर चालावी, हा आग्रह समाजाने धरावा. वैद्यकीय क्षेत्रातील आपल्या माजी विद्यार्थ्यांनी एक साधी बाहुली आणून वसतिगृहातील मुलांना सी.पी.आर. शिकवावे. डोंगरातील वाडीवर रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत तेच हात उपयोगी पडतील.