पश्चिमेचे दार: मनःक्षोभावरील स्वयंसाहाय्य आणि त्याची मर्यादा

मनाला धक्का बसल्यावर वैद्याकडे किंवा समुपदेशकाकडे न जाता, ठरावीक पद्धतीने स्वतःच स्वतःला सावरण्याचे जे उपाय माणसे करतात त्यांना मानसशास्त्रात स्वयंसाहाय्य तंत्रे म्हणतात. श्वासावर लक्ष ठेवणे, मनातले कागदावर उतरवणे, आपल्याच विचारांची उलटतपासणी करणे, जप किंवा प्रदक्षिणेसारखी लय असलेली कृती करणे हे त्यांतले प्रमुख प्रकार होत. या उपायांना पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही आणि रात्री दोन वाजताही ते हाताशी असतात, म्हणून त्यांचे मोल मोठे आहे. मात्र ज्या सहजपणे ते सुरू होतात त्याच सहजपणे ते हाताबाहेरही जातात, कारण त्यांवर देखरेख करणारे दुसरे कोणी नसते. म्हणून उपाय कोणता निवडावा याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो कोठे थांबवावा हे आधी ठरवणे महत्त्वाचे आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनाला आधार देणारी सामग्री तमिळनाडूतील आडुतुरैच्या परिसरात विपुल आहे. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव शेतकऱ्यांना 1922 साली स्थापन झालेल्या भात संशोधन केंद्रामुळे आणि तेथे तयार झालेल्या ‘ए.डी.टी.’ वाणांमुळे ठाऊक आहे. याच रस्त्यावर कुंभकोणमच्या बाजूला गोविंदपुरम आणि तिरुविडैमरुदूर ही दोन क्षेत्रे लागतात, आणि व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावरात राज्य स्थापल्यापासून 1855 मध्ये ते खालसा होईपर्यंत, सुमारे पावणेदोनशे वर्षे, हा सारा मुलूख मराठी राजघराण्याच्या प्रभावाखाली होता. त्यामुळे दुखावलेल्या मनाने काय करावे याची तमिळ आणि मराठी अशी दोन्ही उत्तरे येथे शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामी मंदिराशी वरगुण पांड्य राजाची कथा जोडलेली आहे. राजाच्या घोड्याच्या टापांखाली अनवधानाने एक ब्राह्मण चिरडला गेला आणि तेव्हापासून ब्रह्महत्येच्या पातकाने राजाची पाठ सोडली नाही. अखेर तो या मंदिरात पूर्वेच्या दाराने आत गेला, पातक बाहेरच वाट पाहत थांबले, आणि राजा पश्चिमेच्या दाराने निघून गेला, अशी ती कथा आहे. आल्या दाराने परतायचे नाही हा रिवाज भाविक अजूनही पाळतात. कथेकडे मानसशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यात अपराधभावावरचा एक पूर्ण उपाय सामावलेला आढळतो: दोष नाकारलेला नाही, त्याला नाव दिले आहे, त्याच्यासह एका ठरलेल्या जागी जायचे आहे, ठरलेली कृती करायची आहे, आणि मग वेगळ्या वाटेने जगण्यात परतायचे आहे. याच मंदिराला भोसले घराण्याचाही एक धागा आहे. 1798 मध्ये गादीवरून दूर झालेले अमरसिंहराजे तिरुविडैमरुदुरात राहू लागले. पुढे एकोणिसाव्या शतकात या घराण्यातील एका स्त्रीने मनाजोगा विवाह व्हावा म्हणून लाख दिव्यांचा नवस केला आणि तो फळल्यावर हाती दीप घेतलेली स्वतःचीच मूर्ती देवाला वाहिली. नवस बोलताना तो कसा फेडायचा हेही त्याच वेळी ठरते, आणि फेडल्यावर तो संपतो. मनातली तळमळ अमर्याद असली तरी तिच्यासाठी करायची कृती मोजकी असते, हे या परंपरेतले शहाणपण आहे.

गोविंदपुरम येथे नामसिद्धान्ताचे आचार्य बोधेंद्र सरस्वती यांचे अधिष्ठान आहे. सतराव्या शतकातील या संन्याशाने नामस्मरण हा सर्वांना खुला असलेला मार्ग मानला, आणि पुढे कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूर येथील सद्गुरुस्वामींनी नामसंकीर्तनाची जी पद्धत घडवली तिच्यात मराठी अभंगांना मानाचे स्थान मिळाले. पंढरपूरच्या विठ्ठल-रखुमाईचे भव्य मंदिरही 2011 पासून याच गावात उभे आहे. नामस्मरणाचा मनावर होणारा परिणाम श्रद्धेच्या भाषेबाहेरही सांगता येतो. क्षोभाच्या वेळी मन एकाच प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा वळते. ओठांवर लयबद्ध शब्द आला की लक्षाला दुसरा आधार मिळतो, आणि जप सावकाश म्हटला तर उच्छ्वास लांबतो, ज्यामुळे शरीराला विश्रांती देणारी मज्जासंस्था कार्यरत होऊन हृदयाची गती मंदावते. परंतु नाम हे प्रश्न टाळण्याचे साधन झाले, म्हणजे घरातल्या माणसाशी बोलणे आवश्यक असताना माळ हाती धरली गेली, तर मिळणारी शांतता तात्पुरती राहते आणि न बोललेली गोष्ट तशीच साचत जाते.

मराठी परंपरेतील तिसरा उपाय म्हणजे मनाशी संवाद. तंजावरात समर्थ संप्रदायाचा मठ भीमस्वामींनी चालवला, आणि त्यामुळे रामदासांचे मनाचे श्लोक या दूरच्या दक्षिण प्रांतातही मराठी घरांत पोहोचले. भुजंगप्रयात वृत्तातील या 205 श्लोकांची रचना लक्षात घेण्याजोगी आहे, कारण त्यांत मनाला शत्रू न मानता सज्जन समजून समजावले जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा गाभा या पद्धतीच्या जवळ जातो: घटना आपल्याला थेट अस्वस्थ करत नाही, घटना आणि भावना यांच्या मध्ये एक धारणा असते, आणि ‘हे असेच व्हायला हवे होते’ असा हट्ट त्या धारणेत असेल तर दुःखाचे रूपांतर खचून जाण्यात होते. मुंबईचे के. एम. फडके आणि ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी हा विचार मराठीत रुजवला. ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतूनही असे दिसले की कठीण प्रसंगी स्वतःचे नाव घेऊन स्वतःशी बोलणाऱ्यांना भावना आवरणे सोपे जाते. येथेही एक धोका संभवतो. समजावण्याच्या जागी दटावणे आले, ‘विवेकी माणसाला असे वाटताच कामा नये’ असे मन स्वतःला सुनावू लागले, की मूळ दुःखावर ते न आवरल्याच्या अपराधाचा थर चढतो.

चौथा उपाय लेखनाचा, आणि त्याचा अनुभव येथे सविस्तर नोंदवणे उचित ठरेल. आईच्या निधनानंतर प्रस्तुत लेखिका आडुतुरैच्या घरी, रात्रीची जेवणे उरकल्यावर, रस्त्याकडेच्या ओट्यावर म्हणजे तिण्णैवर बसून वहीत लिहीत असे. आरंभी या लेखनाने खरोखरच उतार पडला. छातीवरचे ओझे शब्दांत उतरत असल्याची जाणीव होई आणि झोपही लागे. कालांतराने मात्र पान कोणतेही असले तरी त्याची सुरुवात ‘लवकर नेले असते तर’ याच शब्दांनी होऊ लागली. दवाखान्याच्या वाटेवरचा पाऊस, रिक्षा मिळायला लागलेला वेळ, आईच्या हातातली कापडी पिशवी हे तपशील त्याच क्रमाने उतरू लागले, आणि लिहून झाल्यावर मन हलके होण्याऐवजी जड होऊ लागले. धाकट्या बहिणीने वही चाळून ‘अक्का, हे पान आणि गेल्या महिन्यातले पान एकच आहे,’ असे म्हटले तेव्हा हे ध्यानात आले. दुःखावरचा उपाय म्हणून सुरू झालेले लेखन त्या दुःखाची रोजची उजळणी होऊन बसले होते.

या अनुभवाची उकल संशोधनात सापडते. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आयुष्यातील क्लेशदायक घटनेविषयी लागोपाठ चार दिवस, दर वेळी 15 मिनिटे लिहायला सांगितले होते. घटना आणि भावना या दोन्हींविषयी लिहिणाऱ्यांचे मन लेखनानंतर लगेच अधिक उदास झाले, पण पुढील काही महिन्यांत त्यांना आरोग्य केंद्रात जाण्याची गरज कमी पडली. हा निष्कर्ष वारंवार सांगितला जातो. मात्र चार दिवस आणि 15 मिनिटे ही चौकट सांगायची राहून जाते. दुसरीकडे सुझन नोलेन-होक्सेमा यांनी दाखवून दिले की आपल्या दुःखाच्या कारणांवर आणि परिणामांवर सतत घोटाळत राहणारे मन, ज्याला विचारांचे रवंथ म्हणतात, नैराश्याकडे अधिक झुकते. 1989 च्या कॅलिफोर्नियातील भूकंपाआधी ज्या विद्यार्थ्यांत ही सवय अधिक आढळली होती, त्यांच्यात भूकंपानंतर नैराश्याची लक्षणेही अधिक दिसली. बाहेरून पाहता लेखन आणि रवंथ यांत फरक दिसत नाही, कारण दोन्हींत माणूस आपल्या दुःखाचाच विचार करत असतो. फरक इतकाच की लेखनातून काही नवे उमगते, अर्थ जुळत जातो, तर रवंथात तोच प्रश्न उत्तराशिवाय फिरत राहतो.

बहिणीने ते दाखवून दिल्यानंतर लेखन बंद न करता त्याला मर्यादा घालण्यात आल्या. घड्याळ लावून ठरावीक वेळच लिहायचे, झोपेच्या वेळी न लिहिता दिवसाउजेडी लिहायचे, घडलेला प्रसंग दुसऱ्या बाईविषयी लिहावा तसा तृतीय पुरुषात मांडायचा, आणि शेवटचे वाक्य उद्याच्या एखाद्या कामाविषयी असायचे, असे ते नियम होते. तृतीय पुरुषात लिहिताना जे पहिल्यांदा दिसले ते असे की त्या दिवशी त्या बाईला जेवढे माहीत होते तेवढ्यावर तिने निर्णय घेतला होता, आणि आज माहीत असलेल्या गोष्टी तिच्यापाशी तेव्हा नव्हत्या. दुःख त्यामुळे नाहीसे झाले नाही. अपराधाची धार तेवढी बोथट झाली आणि आईच्या आजारपणाआधीच्या आठवणींना पुन्हा जागा मिळाली.

श्वसन आणि ध्यान यांविषयीही सावधगिरी हवी. भीतीचा झटका आलेल्या माणसाने जोरजोरात खोल श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती वाढते. म्हणून अशा वेळी श्वास सावकाश सोडण्यावर भर द्यावा आणि तो रोखून धरू नये. दीर्घकाळ ध्यान करणाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात भीती, निद्रानाश आणि जुन्या आघातांच्या आठवणी उसळणे अशा अडचणींची नोंद आहे. पूर्वी मोठा आघात सोसलेल्या व्यक्तीने डोळे मिटून एकटे बसण्याने सुरुवात करण्यापेक्षा डोळे उघडे ठेवून चालणे, भजनात टाळ धरणे किंवा घरकामात हात गुंतवणे अधिक सुरक्षित आहे.

कोणताही उपाय हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात, असे या साऱ्यावरून सुचवता येते. पहिली गोष्ट म्हणजे उपायाची मुदत आणि रोजचा वेळ. दुसरी, तो लागू पडतो आहे हे कशावरून ओळखायचे, म्हणजे झोप, भूक, कामातले लक्ष आणि माणसांत मिसळणे यांत काय बदल अपेक्षित आहे. आणि तिसरी, ज्याला आपली वही दाखवता येईल किंवा ज्याच्याशी खरे बोलता येईल अशा एका माणसाचे नाव. ही तिसरी गोष्ट सर्वांत जास्त टाळली जाते, कारण स्वतःचे स्वतः सावरले याचा अभिमान मनाला गोड वाटतो. पण आपण त्याच जागी फिरत आहोत हे फिरणाऱ्याला क्वचितच कळते.

स्वयंसाहाय्य पुरेसे नाही याच्या खुणाही ठाऊक असाव्यात. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नसेल, झोप किंवा अन्न तुटले असेल, रोजची कामे होईनाशी झाली असतील, दारूचा आधार घ्यावा लागत असेल, इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येत असतील किंवा जगणे नको वाटत असेल, तर जप, वही आणि प्रदक्षिणा चालू ठेवून डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. श्रद्धेला उपचारांची जागा घ्यायला लावले की काय होते याची भयंकर साक्ष याच तमिळनाडूत आहे: 6 ऑगस्ट 2001 रोजी एरवाडी येथील आगीत साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली आणि उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. केंद्र सरकारची 2022 मध्ये सुरू झालेली टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत उपलब्ध असून तेथे तमिळप्रमाणे मराठीतही बोलता येते. मदत मागितल्याने आधी केलेले प्रयत्न वाया जात नाहीत. वहीतली पाने, झोपेच्या नोंदी आणि कोणत्या उपायाने किती उतार पडला याची माहिती डॉक्टरांना उपयोगीच पडते, आणि एकट्याने सुरू केलेला प्रवास जाणत्या माणसाच्या सोबतीने पुढे नेता येतो.